आगोटीची शाकारणी

वैशाखाचा उत्तरार्ध लागला, दुपारी वायव्येकडून येणारा उन्हाळी वारा हळूहळू नैर्ऋत्येकडे सरकू लागला आणि खारघरच्या डोंगरावर सायंकाळी ढगांचे पहिले करडे पुंजके रेंगाळू लागले, म्हणजे या मुलखातील जुन्या माणसांच्या तोंडी एक शब्द हटकून येत असे. आजच्या खारघरात, जेथे पावसाळ्याची वर्दी छत्र्यांच्या दुकानांवरून आणि पांडवकड्याकडे जाण्यास मज्जाव करणाऱ्या फलकांवरून मिळते, तो शब्द जवळजवळ लुप्त झाला आहे. तो शब्द म्हणजे आगोट. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड, एवढा अर्थ कोशात सापडतो. परंतु कोकणातील गृहिणीला आगोट म्हणजे सुकी मासळी, मिरची, मीठ, पापड आणि सरपण यांची चार महिन्यांची बेगमी, शेतकऱ्याला आगोट म्हणजे राब भाजून रान तयार ठेवण्याची शेवटची मुदत, आणि ज्याचे पोट पाण्यावर अवलंबून असे त्या नाखव्याला आगोट म्हणजे आठ-नऊ महिने भरतीबरोबर वर-खाली होत राहिलेले आपले गलबत, मचवा किंवा पडाव पाण्यातून बाहेर काढून जमिनीच्या हवाली करण्याचा दिवस.

खारघर आणि गलबत ही दोन नावे एका वाक्यात आणली, तर सध्याच्या रहिवाशांपैकी बहुतेकांना नवल वाटेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेले चौक, सरळ रस्ते, उंच इमारती आणि रेल्वेचे प्रशस्त स्थानक पाहून वस्तीस आलेल्या माणसाला, आपल्या आणि कामोठ्याच्या मधून तळोज्याची खाडी वाहते व पुढे पनवेलच्या खाडीला मिळून बेलापूरच्या जुन्या किल्ल्याखालून मुंबईच्या बंदराकडे जाते, ही गोष्ट लोकलच्या खिडकीतून कांदळवन दिसले तर क्षणभर जाणवते, एरवी जाणवत नाही. पण गावाच्या नावातील पहिली दोन अक्षरे आपली साक्ष सोडावयास तयार नाहीत. खार म्हणजे समुद्राच्या पाण्याने भिजणारी, बांध घालून भातासाठी राखलेली किंवा आगर पाडून मिठासाठी वापरलेली जमीन. आणि कोपरे, मुर्बी, बेलपाडा, ओवे ही नगराच्या पोटात शिरलेली जुनी गावे डोंगर आणि अशी जमीन यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेली आहेत. अशा गावाला रस्ता असो वा नसो, खाडी असतेच, आणि खाडी असली म्हणजे तिच्या चिखलात कोठेतरी एखादी नाळ रुतलेली असणारच.

या खाडीच्या शेवटी असलेले पनवेल हे कोणे एके काळी बंदर होते, आणि बंदर या शब्दाचा येथे नुसता धक्का असा अर्थ नाही. पोर्तुगीज दप्तरातील १६ ऑगस्ट १६५९ च्या एका पत्रात, शहाजीचा पुत्र शिवाजी याने वसई मुलखाच्या लगतची ठाणी घेऊन कल्याण, भिवंडी आणि पनवेल या बंदरांत काही लढाऊ जहाजे सिद्ध केली आहेत, अशी चिंतेची नोंद आहे. मराठ्यांच्या आरमाराच्या जन्मकथेत पनवेलचे नाव असे शत्रूच्या तोंडून आले आहे. मला या पत्राच्या मजकुराइतकीच त्याची तारीख बोलकी वाटते. ऑगस्टचा मध्य म्हणजे पाऊस अद्याप सरलेला नाही, दर्या अजून पुरता उघडलेला नाही, आणि जहाजे मात्र तयार होत आहेत. म्हणजे ज्या काळात समुद्रावर कोणी नसते त्याच काळात खाड्यांच्या काठी सुतारांच्या वाकसाचा आवाज चालू असतो, ही या धंद्यातील मूळ गोष्ट त्या तारखेत आपोआप उतरली आहे.

पुढच्या दीडशे वर्षांत पनवेलच्या खाडीने पुण्याकडे जाणारे पुष्कळ प्रकारचे लोक पाहिले. १७७८ च्या नोव्हेंबरात राघोबादादांना घेऊन निघालेली इंग्रजांची फौज मुंबईहून येथेच उतरली आणि बोरघाट चढून वडगावच्या नामुष्कीकडे गेली. ती पावसाळा पूर्ण ओसरल्यावर निघाली, हे सांगण्याचीही गरज नाही. १८०९ च्या अखेरीस मारिया ग्रॅहॅम ही चिकित्सक इंग्रज प्रवासिनी मुंबईहून होडीने पनवेलला येऊन पुढे पालखीतून घाट चढली. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातून चाकांच्या गाड्या जातील असा रस्ता खुला केला, तेव्हा तर मुंबई आणि पुणे यांच्या मधली सांधणी पनवेललाच झाली: इकडून पडाव, तिकडून बैलगाडी. देशावरून माल घेऊन आलेला गाडीवान परत जाताना येथल्या सुतारांनी केलेल्या चाकांची एक जोडी घेऊन जाई, इतका येथल्या चाकांचा लौकिक असल्याचे सरकारी गॅझेटियर सांगते. ज्या गावात गाडीचे चाक आणि गलबताची फळी एकाच बाजारात घडतात, त्या गावाला जमीन आणि पाणी यांच्या उंबरठ्यावरचे गाव म्हणावे. १८५२ साली पनवेलला नगरपालिका मिळाली, ती या उंबरठ्यावरच्या वर्दळीमुळे.

आणि ही सारी वर्दळ दरवर्षी एका ठरावीक सुमारास अर्ध्याहून अधिक थंडावत असे. बंदराच्या आतील आसऱ्याच्या पाण्यात लहान होड्यांची ये-जा थोडीफार चालू राही, परंतु दाभोळ, जयगड, राजापूर किंवा उत्तरेस डहाणू, दमण, सुरत येथवर शीड लावून जाणारी तारवे ज्येष्ठात वर चढत आणि नारळी पौर्णिमेशिवाय उतरत नसत. समुद्राला असे कुलूप घालण्याची कल्पना आपल्याकडचीच आहे असे मात्र नव्हे. ज्या मोसम शब्दावरून आपण मोसमी वारे म्हणतो तो शब्द आपल्याला देणारे अरब दर्यावर्दी या काळाला समुद्र बंद होणे असेच नाव देत. भूमध्य समुद्रावर रोमन लोकांच्या काळी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत समुद्र बंद मानला जाई. तेथे थंडीने जे केले ते येथे पावसाने केले. ग्रीक कवी हेसियड याने सुमारे सत्तावीसशे वर्षांपूर्वी आपल्या आळशी भावाला केलेल्या उपदेशात, हंगाम संपताच जहाज जमिनीवर ओढावे, वाऱ्याने हलू नये म्हणून भोवती दगड रचावे, आत पावसाचे पाणी साचून लाकूड कुजू नये म्हणून तळाचे बूच काढून ठेवावे, सर्व सरंजाम घरात न्यावा आणि सुकाणू चुलीच्या धुरावर टांगावे, असा पाठ घालून दिला आहे. कोकणातील ज्या नाखव्याने ग्रीस हे नाव आयुष्यात ऐकले नाही, त्याचे सुकाणू आणि वल्ही आगोटीनंतर स्वयंपाकघराच्या माळ्यावर, धूर लागेल अशा जागीच गेलेली असत. धुराने कीड मरते, हे दोघांनाही त्यांच्या चुलींनीच शिकविले.

पण उपदेश एका भावाने दुसऱ्या भावाला करणे निराळे, आणि राज्याने आपल्या नोकरांना आज्ञा म्हणून फर्मावणे निराळे. ते आपल्याकडे झाले. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि राज्यशास्त्राचा ग्रंथ लिहिताना एखाद्या मुत्सद्द्याने जहाजे पाण्याबाहेर कशी ठेवावीत याचा एवढा सविस्तर विचार केल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही. पावसाळ्यातील आरमाराच्या मुक्कामाला अमात्य छावणी म्हणतात. दर्या खवळण्याची वाट न पाहता त्याच्या काही दिवस आधीच छावणीस लागावे. उघड्या समुद्राच्या तोंडावर, किल्ला आहे एवढ्या भरवशावर जहाजे ठेवू नयेत, तर आत खाडी असलेल्या आसऱ्याच्या बंदरी न्यावीत. जहाजे वर चढली म्हणजे आपले काम संपले असे न मानता जमिनीवरून आणि पाण्यावरून रात्रंदिवस गस्त ठेवावी. असा त्या तजविजीचा आशय आहे. या सर्वांहून मला थोर वाटते ती एक बारीक सूचना: छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये, ती पाळीपाळीने बदलावी, कारण शेकडो रिकामे आरमारी लोक चार महिने एकाच गावी बसले तर तेथील रयतेला त्यांचा उपद्रव होतो.

ही सूचना पनवेलसारख्या खाडीच्या काठी उभे राहून वाचली म्हणजे तिचे मर्म कळते. गलबत वर काढणे म्हणजे केवळ लाकूड वर काढणे नव्हे; त्याबरोबर माणसेही वर येतात, आणि पाण्यावर शिस्तीत वागणारा खलाशी जमिनीवर हात रिकामे राहिल्यास कसा वागेल याची हमी कोणताही तांडेल देऊ शकत नाही. त्याच आज्ञापत्रात जहाजांसाठी लाकूड तोडताना आंबा आणि फणस यांना हात लावू नये, रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, अशी जी सुप्रसिद्ध आज्ञा आहे, तिच्याच शेजारी ही छावणीची आज्ञा ठेवली पाहिजे. दोन्हींमध्ये आरमाराची काळजी आहे तेवढीच, आरमाराच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचीही काळजी आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. उघड्या किनाऱ्यावर, म्हणजे अलिबाग, हर्णै किंवा मालवण येथे, होडी वाळूवरून ओढावी लागते: खाली लाकडाचे गोल ओंडके, पुढे काथ्याचा जाड दोर, आणि दोन्ही कडांना खांदा लावलेली माणसे, मागचा ओंडका मोकळा झाला की तो उचलून पुढे धावत नेण्याचे काम पोरांचे. खाडीत वाळू नाही, चिखल आहे, आणि चिखलातून काही खंडी वजनाचे तारू माणसांच्या बळावर ओढणे अशक्य. म्हणून खाडीच्या माणसाने हे काम चंद्रावर सोपविले. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग असतो, हे किनाऱ्यावरील पोरालाही ठाऊक असते. उधाणाची भरती ज्या रेषेपर्यंत चढते तेथपर्यंत भांगाची भरती येत नाही, आणि या दोन रेषांच्या मधली जी काही हात जमीन, तीच खाडीतील गलबताची पावसाळी जागा. म्हणून ज्येष्ठातील पौर्णिमा किंवा त्याआधीची अमावास्या धरावयाची, तिच्यानंतर एक-दोन दिवसांनी पाणी सर्वांत वर चढले म्हणजे रिकामे, हलके केलेले तारू तरंगतच काठाच्या अगदी कुशीत आणावयाचे, आणि ओहोटीने ते अलगद खाली बसवावयाचे. दुसऱ्या दिवशीच्या भरतीला ते आणखी हातभर वर सरकवावयाचे, तिसऱ्या दिवशी आणखी थोडे, आणि मग पाणी उतरणीला लागले की पंधरा दिवस त्याला खाडी शिवू शकत नाही. तेवढ्या अवधीत रहाटाने किंवा नुसत्या दोरांनी ते उधाणाच्या रेषेच्याही पलीकडे न्यावयाचे.

मुंबईच्या बंदरात उधाणाची पूर्ण भरती बाराच्या सुमारास येते, दिवसा आली तर माथ्यावर सूर्य असतो; खाडीच्या टोकाशी तिला पोचण्यास थोडा अधिक वेळ लागतो एवढेच. पावसाळ्याच्या तोंडावरच्या महिन्यांत रात्रीच्या भरतीपेक्षा दिवसाची भरती अधिक चढते. त्यामुळे वर्षातील सर्वांत कष्टाचे हे काम वर्षातील सर्वांत तापलेल्या दिवसांत, ऐन दुपारी, गुडघाभर चिखलात उभे राहून करण्याचे नशिबी येई. उशीर करण्याची सोय नव्हती. ज्याने एक उधाण चुकविले त्याला पंधरा दिवस थांबणे प्राप्त, आणि त्या पंधरा दिवसांत मृग लागला तर डोंगरावरून उतरणारे लोंढे आणि समुद्रावरून येणारी भरती यांच्या कचाट्यात त्याचे तारू सापडे. सावकाराच्या तगाद्याला मुदतवाढ मिळे, उधाणाला मिळत नसे.

वर आलेल्या तारवाची पुढची शुश्रूषा आजाऱ्याच्या शुश्रूषेसारखी क्रमाने चाले. डोलकाठी उतरवावयाची, परबाण सोडावयाचे, शीड गोड्या पाण्यात धुऊन कडकडीत वाळवून घडी घालावयाचे, कारण मिठाचा अंश राहिला की पावसाळी हवेत ते ओले राहते आणि कुजते. पठाणाखाली, म्हणजे तळाच्या मुख्य वाशाखाली, ओंडके सारून तळ जमिनीपासून अधांतरी करावयाचा, दोन्ही बाजूंस टेकू लावावयाचे. तळावर चिकटलेली कालवे खरवडून काढावयाची. लाकूड पोखरणारा जो किडा खाऱ्या पाण्यातील प्रत्येक जहाजाचा वैरी, तो पाण्याबाहेर काही आठवडे सुकत राहिलेल्या लाकडात टिकत नाही, तेव्हा नुसते वर काढणे हेच अर्धे औषध. सांध्यांतील जुना कापूस उकरून नवा ठोकणे, तेल-राळ चढविणे, तळाला चुना आणि चरबी यांचा लेप देणे ही कामे काही जण लगेच उरकीत, काही जण श्रावणातील उघडिपीसाठी ठेवीत. खारे पाणी लाकूड राखते आणि गोडे पाणी लाकूड खाते, हे विचित्र सत्य येथे प्रत्येकाला मुखोद्गत. म्हणून समुद्रात आठ महिने निर्धास्त तरंगलेल्या तारवाला खरी भीती असे ती आभाळातून पडणाऱ्या पाण्याची. आणि म्हणूनच शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे काम उरे ते शाकारणीचे.

शाकारणी हा शब्द घराच्या छपराचा. माडाच्या झावळ्या, भाताचा पेंढा, गवत यांनी छप्पर नवे करणे म्हणजे शाकारणे. खाडीकाठच्या माणसाने हाच शब्द, दुसरा न शोधता, होडीला लावला: मधोमध बांबू उभे करून त्यांवर दोन्ही बाजूंस उतार येईल असे छप्पर घालावयाचे, ते सुंभाने घट्ट बांधावयाचे, आणि वारा आत खेळता राहील एवढी फट दोन्ही टोकांना ठेवावयाची. या पनवेल-उरणच्या पट्टीत तर हा शब्द तीन ठिकाणी एकाच पंधरवड्यात वापरला जाई. घर शाकारले जाई. होडी शाकारली जाई. आणि मिठागरावर हंगामभर जमविलेल्या मिठाच्या ज्या राशी विकल्या गेलेल्या नसत, त्याही पहिल्या सरीत विरघळून जाऊ नयेत म्हणून गवताने शाकारल्या जात. राहावयाचे घर, फिरावयाचे तारू आणि विकावयाचा माल या तिन्हींवर एकाच गवताचे पांघरूण घालून तो माणूस पावसाला म्हणत असे, ये.

तो माणूस एकच होता, ही गोष्ट इतिहास लिहिणारे बहुधा विसरतात. सरकारी दप्तरात आगरी म्हणजे मीठ पिकविणारा व खारातील भात लावणारा, कोळी म्हणजे मासे धरणारा, खलाशी म्हणजे पडावावर राबणारा, अशी खाती वेगवेगळी मांडलेली असतात. परंतु खाडीकाठच्या गावात ही खाती एकाच घरात, पुष्कळदा एकाच देहात नांदत. पौषापासून वैशाखापर्यंत आगरात मीठ ओढायचे, भरतीच्या वेळी तेच मीठ महागिरीत किंवा पडावात भरून मुंबईला पोचवायचे, येताना कौले आणि किराणा आणायचा, आणि ज्येष्ठात गलबत वर चढविले की चिखलाने भरलेले पाय न धुताच दुसऱ्या चिखलात, म्हणजे भाताच्या आव्यात, उतरायचे. मिठाचा हंगाम आणि गलबताचा हंगाम एकाच ढगाने संपत असे, आणि भाताचा हंगाम त्याच ढगाने सुरू होत असे. म्हणून आगोट हा या गावांचा खरा वर्षारंभ आणि खरा वर्षान्त. नाखवा आणि खलाशी यांचे हिशेब याच वेळी मिटत: हंगामाची उचल किती, वाट्याला आलेले भाडे किती, फाटलेल्या शिडाचा आणि हरवलेल्या नांगराचा खर्च कोणाच्या अंगावर, पुढच्या हंगामासाठी आज किती रुपये हाती ठेवावयाचे. ज्याने आगोटीला उचल घेतली तो नारळी पौर्णिमेला त्याच तारवावर चढण्यास बांधला गेला. हे बंधन कागदावर क्वचितच असे, पण ते मोडणाऱ्याला दुसऱ्या बंदरात तोंड दाखविणे कठीण जाई.

आपल्या भाषेत अनुभवी माणूस, मी तुझ्यापेक्षा चार पावसाळे अधिक पाहिले आहेत, असे म्हणतो. माणसाच्या बाबतीत हे आपण लक्षणेने बोलतो. तारवाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. ज्या तारवाचे पावसाळे नीट गेले, ज्याच्या पठाणाखाली दरवर्षी ओंडके घातले गेले, ज्याच्या छपराला वारा मिळाला, ते सागवानी तारू नातवाच्या हाती जाई. आणि ज्याच्या मालकाने एका वर्षी पेंढ्यात काटकसर केली, त्याच्या फळ्यांत श्रावणातच अळंबी उगवलेली दिसत.

मोठ्या जहाजांसाठी माणसाने निसर्गाची ही युक्ती पुढे दगडात बांधली. विजयदुर्गाजवळ गिर्ये गावी वाघोटणच्या खाडीत खडक तासून केलेली मराठ्यांची गोदी आजही पाहावयास मिळते: उधाणाला जहाज आत घ्यावयाचे, तोंड बंद करावयाचे, पाणी काढून टाकावयाचे. सुरतेहून १७३६ साली मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांनी व त्यांच्या वंशजांनी ज्या गोदीत जहाजे बांधली, ती मुंबईची कोरडी गोदी १७५० साली तयार झाली. तत्त्व तेच, पनवेलच्या चिखलातील नाखव्याचे. फक्त चंद्राच्या कामाला दगडाचे दार लावलेले. अशा गोदीला पावसाळा आणि उन्हाळा सारखेच, आणि गलबत वर काढण्यामागचा ऋतूचा धाक येथून पुढे सैल होऊ लागला.

वाफेने तो आणखी सैल केला. लोखंडी आगबोटीला शाकारावे लागत नाही, वाऱ्याची दिशा तिला विचारावी लागत नाही, तेव्हा आगोट ही शिडाच्या जमान्यातील दुबळ्यांची रूढी होय असे वाटू लागले तर नवल नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सणासाठी गावी निघालेल्या माणसांनी भरलेली रामदास आगबोट मुंबईहून रेवसकडे जाताना लाटांनी कलंडून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. महिना अद्याप आषाढच होता. जुन्या हिशेबाने त्या दिवशी पाण्यावर कोणी असावयासच नको होते, असे किनाऱ्यावरील म्हातारे नंतर कित्येक वर्षे म्हणत असल्यास त्यांना प्रतिगामी म्हणण्याचे धैर्य निदान मला तरी होणार नाही.

पनवेलच्या गलबतांचा शेवट मात्र अशा कोणत्याही नाट्याने झाला नाही. १८५३ साली ठाण्यापर्यंत आलेली रेल्वे पुढे कल्याण-कर्जतकडून गेली, १८६३ साली बोरघाट चढली आणि पुण्याची वाट पनवेलच्या हातून निघून गेली. तांदूळ, मीठ, लाकूड, गवत आणि पुढे रेती यांच्यावर पडाव आणखी शतकभर तगले. मग मोटारलॉऱ्या आल्या, खाडीत गाळ साचत गेला, १९७३ साली वाशीचा पूल झाला आणि पाण्यावरून मुंबईस जाण्याचे शेवटचे कारण संपले. मिठागरांवर भराव पडले, भातखाचरांचे भूखंड झाले, बांधावर ज्या उघाड्यांनी खारे पाणी अडविले जाई त्यांची दारे कुजून गेली. कुलाबा जिल्ह्याचे १९८१ साली रायगड असे नामांतर झाले तोवर पनवेलच्या बंदरात बंदर या नावापलीकडे फारसे काही उरले नव्हते. त्याच खाडीच्या दक्षिणेस उलव्याची टेकडी फोडून आणि उलवे नदीचे पात्र वळवून आता विमानतळ उभा राहिला आहे, आणि विमानाला आगोट नसते.

तरीही खाडी आहे आणि तिच्यात मासे धरणारी थोडी माणसे आहेत. दिवाळे, कोपरे, उलवे या बाजूस अद्याप होड्या दिसतात. पण त्या बहुधा फायबरच्या, दोरीला दोन-चार माणसे लागली की वर येणाऱ्या. त्यांना कापूस नको, राळ नको, पेंढा तर नकोच. निळी ताडपत्री टाकून चार दगड ठेवले की काम झाले. यंत्र तेवढे काढून घरात नेले जाते, आणि ते माळ्यावर नव्हे, पलंगाखाली जाते. चूल गेल्याने धूर देण्याची सोय उरली नाही, आणि यंत्राला धुराची गरजही नाही.

समुद्र बंद करण्याचा अधिकारही आता पंचांगाकडून राजपत्राकडे गेला आहे. राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यान्वये दरवर्षी यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी होते. सध्या ती १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते. माशांच्या विणीचा काळ राखावा हा तिचा हेतू योग्यच आहे, आणि जुन्या रूढीनेही अजाणता तो राखला होता. पण चंद्राची तिथी आणि इंग्रजी तारीख यांचे गणित दरवर्षी जुळत नाही. उधाण १ जूनची वाट पाहत नाही, म्हणून खाडीतले जुने लोक अजूनही आधीच्या अमावास्येलाच होडी वर घेतात आणि सरकारी मुदतीचे चार-आठ दिवस हसत सोडून देतात. उलट टोकाला, २०२३ साली अधिक श्रावण आला. नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली, आणि दर्याला सोन्याचा नारळ वाहिला गेला तेव्हा यंत्राच्या होड्यांना पाण्यात उतरून महिना होत आला होता.